वढ्यातलं सोनं

कंपनीचा साहेब पयल्याच दिशी म्हणला, ज्याच्या अंगावर सोनं-चांदी हाय त्यानं वाळूला हात लावायचा न्हाई.

आमी बाया वढ्याच्या कडंला उभ्या व्हतो. एकमेकीकडं बघून हसाय लागलो. एक जण तोंडाला पदर लावून म्हणली, "मंग समद्यांलाच कामावर घ्या की साहेब. आमच्या वस्तीवर कुणाच्या अंगावर सोनं घावलं तर तुमचं काम हितंच झालं म्हणा." समद्या खिदळल्या. साहेब हसला न्हाई. त्येनं आपले दोन्ही हात पुढं करून दावले. बोटात अंगठी न्हाई, मनगटाला घड्याळ न्हाई. तो नागपूरकडचा व्हता, शाळंतल्या गुरुजीवाणी सावकाश बोलायचा. म्हणला, "आपण जे शोधतोय ते डोळ्यांना दिसत नाही, इतकं बारीक असतं. तुमच्या गळ्यातल्या मण्याची नुसती झीज वाळूत पडली तरी तिकडचं मशीन म्हणणार, इथं सोनं आहे. मग आपण खोट्याच्या मागं डोंगर फोडत बसू."

तवा समद्यांचे हात गळ्याला गेले. सोनं न्हाई म्हणलं तरी काळ्या पोतीत एखादा मणी सगळ्यांच्याच व्हता, गुंजभर का असंना. पायात जोडवे व्हते. नवरा जित्ता असताना पोत कोण काढील? बाया मागं सरल्या. पुढं कोण ऱ्हायलं तर ज्यांच्या गळ्यात काहीच नव्हतं त्या. मागून कुणीतरी बोल्लं, "घ्या! कंपनीला रांडव बाया पायजेत."

त्या पुढं ऱ्हायलेल्या बायांत माझी सासू व्हती. आमी तिला आत्या म्हणतो. तिनं ते बोलणं आयकलं, पण मान वळवली न्हाई. आपले मोकळे हात साहेबाम्होरं धरले अन् म्हणली, "बघ बाबा. पार मोकळी हाय मी. गेल्या चैतात मोकळी झाले. ह्या हाताचा कुणाला तरी उपेग होऊ दे."

मी पण पुढं झाले. कडंवर लेक, नुकती बसाय लागलेली. म्या म्हणलं, "साहेब, मी पोत काढून घरी ठिवते, मला बी घ्या." आत्यानं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. "धन्याच्या जिवावर उठलीस का गं?" म्हणली. मंग साहेबच म्हणला, ऱ्हाऊ दे, हिला कॅम्पावर सैपाकाला ठिवू. पण वाळूच्या पिशव्या कॅम्पावरच झाडाखाली वाळत घालायच्या व्हत्या, म्हणून त्येनं मला सांगलं, पोत निदान फडक्यात बांधून चोळीत खवस. तसंच करायचे मी. सकाळी कॅम्पावर गेले की पोत फडक्यात गुंडाळायची, परत येताना सोडायची. त्या पोतीत दोन मणी व्हते. एक माझ्या बापानं घातलेला. दुसरा आत्याचा. सासरा गेला अन् तिची पोत तुटली, तवा तिचा एक मणी तिनं माझ्या पोतीत ववला. म्हणली, सोन्याला विटाळ नसतो.

त्या कामासाठी मी एवढा जीव कावून टाकीत व्हते ते सांगते.

दिवाळी झाली की आमच्या वस्तीच्या दारांना कड्या लागतेत. नवरा-बायकू मिळून एक कोयता, असे कोयते ट्रकात भरून मुकादम कारखान्याकडं नेतो, ऊस तोडायला. मागं ऱ्हातेत म्हातारी माणसं अन् शेरडं. अंगावर पिणारं लेकरू मागं ठिवता येत न्हाई, ते न्यावंच लागतं. तिकडं उसाच्या पाचटाच्या कोपीत ऱ्हायाचं, बुडाखाली वलं रान, वरून गारठा. माझा पयला ल्योक तिकडंच गेला. छाती भरली त्येची. श्वास घेताना त्येच्या फासळ्या आत जायच्या, मी मोळ्या बांधता बांधता पळत इवून बघायचे, परत जायचे, परत यायचे. दवाखान्यात न्यायला गाडी घावली तवा ऊन वर आलतं अन् लेकरू गार झालतं. लहान लेकराला जाळत न्हाईत. कालव्याच्या कडंला पुरलं. दुसऱ्या दिशी टोळी पुढच्या फडात गेली, मी बी गेले, उरात दूध दाटलेलं, चोळी वली, अन् मोळ्या बांधतीय. ती जागा आता मला कुणी इचारली तर दावता यायची न्हाई. सगळे कालवे सारकेच दिसतेत.

म्हणून ही लेक झाल्यावर म्या ह्यांला सांगलं, हिला मी न्हाई नेणार. हे म्हणले, "मंग खायचं काय? डोंगराचे दगडं?" चिडून न्हवते बोल्ले. खरंच इचारीत व्हते. अन् बघा, पाऊस उघडला अन् दगडाची माणसंच आली.

जीप आली धारूरच्या घाटानं, वस्तीच्या खालच्या माळावर तंबू पडले. साहेब म्हणायचा, आता सरकारनं बाहेरच्या कंपन्यांला दार उघडलंय, त्या देशभर सोनं हुडकाय लागल्यात. ह्या काळ्या दगडात सोनं निघत न्हाई असं मोठी माणसं म्हणतेत, पण कंपनीला एकदा बघून घ्यायचंय. हे वाटाड्या म्हणून लागले अन् वझं उचलायला. नवरा कामाला, सासू कामाला, मी कामाला, अन् समदे घरापाशी. म्या मनातच म्हणलं, हे टिकू दे. दिवाळी निघून जाऊ दे, मुकादमाची ट्रक निघून जाऊ दे, तोवर टिकू दे.

काम सोपं दिसायचं, पण लई किचकट. साहेब नकाशा घेऊन वढ्यानं चालायचा. जितं दोन वघळी एकात एक मिळतेत तितं थांबायचा. रस्त्यापासनं लांब, घरापासनं लांब, जितं माणसाचा हात लागला न्हाई अशी जागा बघायचा. मंग मधल्या दगडाखालची वाळू प्लास्टिकच्या डावानं काढायची, चाळणीत घालायची, पाणी वतत चाळायची. खाली जो मऊ गाळ बसतो, शिरा करायच्या रव्याहून बारीक, तो कापडी पिशवीत भरायचा. पिशवीवर नंबर. परत चाळणी घासून धुवायची, आदल्या जागंची वाळू पुढच्या जागंत गेली न्हाई पायजे. साहेबाचं समदं ध्यान ह्यावर. आत्या चाळायला बसायची. पीठ चाळून हात बसलेला. साहेब म्हणायचा, "आजी, हळू." आत्या म्हणायची, "तुला भाकरी खायची का वाळू, ते सांग. भाकरीला मी ह्याहून जोरात चाळते." त्या दिसांत ती हसायला लागली व्हती. सासरा गेल्यापासनं तिला कुणी सवाष्णीच्या घोळक्यात बलवीत नव्हतं, हळदी-कुंकवाला न्हाई, बारशाला म्होरं न्हाई. अन् हितं तिचेच हात चालत व्हते, बाकीच्यांचे चालत नव्हते.

वढ्याला वरच्या अंगाला एक वळण हाय. बाया तिकडं जात न्हाईत, अन् कामाच्या जागी त्या जागंचं खरं नाव कुणी काढत न्हाई, आमच्यात तशी रीतच हाय. नाव काढलं की बोलावल्यावाणी व्हतं. पावसाळ्यात पूर येतो, वळणावरचं समदं धुवून नेतो, मागं नुसते गोटे अन् वाळू. साहेबानं नकाशावर बोट ठिवून इचारलं, हे काय? हे म्हणले, "वळण." साहेबानं वळण लिव्हलं. चार माणसं बाजूला उभी व्हती, कुणीच दुसरं काय बोल्लं न्हाई.

पिशव्या वाळल्या, खोक्यात भरल्या, साहेब घेऊन गेला. म्हणला, तपासून यायला वेळ लागंल. तंबूवर एक राखणदार ठिवला. मंग आमी नुसते वाट बघत बसलो. दिवाळी आली. मुकादम केजहून फटफटीवर आला. ह्यांला म्हणला, "काय बे, तुझा कोयता धरू का सोडू? वस्तीवरचे समदे येतेत, तूच एकटा घोळ घालतोस." हे म्हणले, बघू. मुकादम म्हणला, "ट्रक भरल्यावर बघून काय करतोस? टपावर बसतोस का?" मी दारात उभी व्हते, लेकीला पाजीत. पदराखाली तिचा चुटूचुटू आवाज येत व्हता. मला वाटलं, झालं. आता हे व्हय म्हणणार.

अन् तवाच घाटात जीपचा हॉर्न वाजला. लांबूनच वाजवीत आला साहेब. पयल्यांदा हसताना बघितला त्येला. धारूरच्या एसटीडी बूथवरनं कंपनीत फोन लावलता, तितं कळलं, म्हणून पेढे घेऊनच आला. समद्या पिशव्या कोऱ्या निघाल्या, पण एकीत लागलंय. आमी वढा वलांडतो त्या उताराच्या लई खाली, जितं कुणी फिरकत न्हाई, तिथली पिशवी. अन् थोडंथोडकं न्हाई, मशीनचा काटा उडाला म्हणला. ती पिशवी आत्यानं चाळलेली. साहेबानं पयला पेढा आत्याच्या हातावर ठिवला. आत्या म्हणली, "माझ्या हाताला यश हाय रं बाबा, तुला सांगत नव्हते मी?" अन् पेढा तिनं मोडून नातीच्या जिभंवर लावला.

साहेब म्हणला, आता काम वाढंल. वर वर सरकत जायचं, कुठून आलं ते धरायचं. उन्हाळ्यापतूर तरी कॅम्प हाय. ह्यांनी मुकादमाकडं बघून मान हलवली. न्हाई येत. मुकादमानं फटफटीला किक मारली. "बरं हाय पाव्हणं," म्हणला, "सोनं खावा आता. पचलं न्हाई तर सांगा."

त्येची ट्रक गेली तवा मी उतारावर उभी व्हते. समदी वस्ती ट्रकात. लेकरं, शेळ्या, गाडगी, कोयते. बाया मला हात करीत व्हत्या. एक जण वरनं वरडली, "सोन्याची पाटली केली की आमाला दाव गं!" मी हसले.  मला सुख झालं की भ्या वाटतं, मागनं कुणीतरी बघतंय असं वाटतं. म्या लेकीच्या कानामागं काजळाचा टिक्का लावला.

पण तेवढे दिस बरे गेले, खोटं कशाला बोलू. लेक आंगणात रांगाय लागली. भिंतीच्या आडोशाला तिचा पाळणा. गारठा पडला तरी चुलीचा शेक व्हता, आत्याचं गोधडं व्हतं. तिच्या छातीला मी कान लावून बघायचे, आवाज स्वच्छ. रोज लावायचे. हे म्हणायचे, "लेकीला झोपू दे की, किती तपासतीस? साहेब झालीस का?"

काम वर वर सरकत चाललं. साहेब दर थोड्या थोड्या अंतरानं वाळू घ्यायचा. आता परातीत बी धुवून बघायचा, परात अशी हिंदकळायची की हलकी वाळू पाण्यासंगं जाती अन् काळी जड वाळू तळाला ऱ्हाती. एकदा त्या काळ्या वाळूत टिपका चमकला. साहेबानं भिंगातनं ह्यांला दावला, ह्यांनी आत्याला, आत्यानं मला. खसखशीच्या दाण्याहून लहान. पिवळा. म्या म्हणलं, एवढ्यासाठी? साहेब म्हणला, "एवढ्यासाठीच." तो बी रात्रंदिस त्येच्याच मागं व्हता. बोलता बोलता म्हणला, हे खरं निघालं तर मला कंपनी कायम करंल, न्हाईतर मला बी घरी धाडतील. म्हंजी त्येचं बी आमच्यासारकंच व्हतं.

मंग शेजारची थोरली म्हातारी गेली.

लई दिस अंथरुणाला खिळली व्हती. तिचा ल्योक तिच्यासाठीच मागं ऱ्हायलता, फडात गेला न्हाई. सकाळची येळ. वस्ती रिकामी, उचलायला माणसं पुरनात. हे साहेबाला सांगायला गेले की आज येत न्हाई, तर साहेब म्हणला, मी बी येतो खांदा द्यायला. आला. बूट काढले, टोपी हातात धरली, आंगणाच्या कडंला उभा ऱ्हायला. म्हातारीला न्हाऊ घातलं. मी बायांत उभी, लेक खांद्यावर. ल्योक आतून आला, मूठ उघडली, मणी काढला, म्हातारीचं तोंड उघडून जिभंवर ठिवला. वरनं तुळशीचं पान अन् पाणी.

साहेब ह्यांच्या कानाशी लागला. मी जवळच व्हते, मला आयकू आलं.

"तोंडात काय घातलं?"

"सोनं, साहेब. मणी हाय बारका."

"कशाला?"

"रीत हाय. मोकळ्या तोंडानं न्हाई लावून देत. ज्याच्या घरात असंल त्यो घालतो. नसंल तर तुळस."

"नंतर काढून घेता?"

हे असं बघाय लागले. "काढून कसं घ्यायचं? सरणावर जातं की संगंच."

"आणि राख?"

"वढ्यात."

"ओढ्यात कुठं?"

ह्यांनी हात उचलला वरच्या अंगाला दावायला. अन् तो हात तसाच ऱ्हायला. "वळणावर," हे म्हणले.

ते वळण म्हंजी आमचा मसणवटा. आता घेते नाव, आता काय ऱ्हायलंय भ्यायचं. आज्या-पणज्यापासनं आमची माणसं तितं जळली, राख त्याच वढ्यात गेली, अन् राखंसंगं ज्येच्या त्येच्या तोंडातला मणी. दर पावसाला पूर त्येला खाली वढीत आला, दगडाखाली कोंबीत आला, पार उताराच्या खालपतूर. साहेबानं रस्ता टाळला, घरं टाळली, आमच्या बायांचे हात टाळले. मेलेल्याच्या तोंडात सोनं असंल हे त्येला ठावं नव्हतं. अन् आमाला ठावं व्हतं, पण वढ्यातल्या सोन्याचं बोलणं चाललं असताना ह्या सोन्याची याद कुणालाच आली न्हाई. ते सोनं सोनं म्हणून आमी धरतच न्हाई. ते गेलेल्याचं असतं. त्येची गिनती कुणी करीत न्हाई.

साहेब आंगणातल्या दगडावर खाली बसला. लोकांला वाटलं, शिकलेला माणूस हाय, मढं बघायची सवय नसंल. एकानं पाणी दिलं. हे माझ्याकडं बघत व्हते. मी ह्यांच्याकडं. बाया रडाय लागल्या, म्हातारीला उचलायची येळ झाली, अन् त्या गलक्यात मी बी रडले, मोठ्यानं रडले, बायांला वाटलं हिला म्हातारीची लई माया. म्हातारीसाठी न्हवते रडत मी.

तरी साहेबानं दोन दिस मसणवट्याच्या वरची वाळू घेतली, डोंगराच्या पायथ्यापतूर गेला, परातीवर परात धुतली. मला वाटत व्हतं, निघंल एखादा टिपका. एखादा तरी. वरच्या अंगाला काहीच न्हाई. वळणाच्या खाली हाय, वळणाच्या वर न्हाई. ह्याहून साफ काय असतं?

मंग तो आमच्या दारात आला. आत्याला त्येनं स्वता सांगलं, खाली मान घालून. आत्या धान निवडीत व्हती. तिनं सूप खाली ठिवलं न्हाई, तसंच धरून बसली. म्हणली, "चैतात माझ्या धन्याच्या तोंडात म्या मणी घातलता. माझ्या पोतीतला."

साहेबानं डोक्यावरची टोपी काढली.

"म्हंजी म्या चाळला त्यो त्येंचाच व्हता."

"कुणाचा ते सांगता येत नाही, आजी. पण अगदी अलीकडचा असावा. चितेत वितळून बारीक कण झाले असतील, पण एवढं सोनं निघालं म्हणजे ते फार झिजले नव्हते."

"मंग दे की त्यो. मी परत सोडते वढ्यात."

"आजी, ती वाळू राहिली नाही. तिकडं भट्टीत घालून वितळवतात, तेव्हाच कळतं."

आत्या सुपातले खडे वेचाय लागली. वेचता वेचता म्हणली, "म्हंजी म्हाताऱ्याला दोनदा जाळलं. पयल्या बारीला पोरानं आग दिली. दुसऱ्या बारीला म्या चाळून दिला." अन् असं काहीतरी हसली की साहेब उठून भाईर गेला. त्या दिसापासनं तिनं हाताकडं बघून कवा यश म्हणलं न्हाई. सवाष्णींच्या घोळक्यातनं जशी बाजूला व्हायची तशी आता घरातल्या माणसांतनं बी बाजूला बसाय लागली.

तंबू उतरले. जाताना साहेबानं तंबूचं एक जाड कापड मला दिलं, कोपीवर टाक म्हणला. म्हंजी त्येला बी कळलं व्हतं आमी कुठं जाणार ते.  जीप घाटात वळली, ह्या बारीला हॉर्न वाजवला न्हाई.

हे केजला गेले मुकादमाकडं. चार माणसांत मुकादमानं इचारलं, "काय बे, संपलं का सोनं? का अपचन झालं?" हे मान खाली घालून उभे ऱ्हायले, असं मला दुसऱ्याकडनं कळलं, ह्यांनी सांगलं न्हाई. चांगल्या टोळ्या कवाच लागल्या व्हत्या. आमाला लांबच्या कारखान्याला, दुसऱ्याच गावच्या टोळीत घुसवलं, ऐन गारठ्यात. वस्तीसंगं दिवाळीनंतर गेलो असतो तर आपल्या बायांत तरी असते, कोपीला कोरडी जागा तरी घावली असती. त्या एका मण्यानं मला घरी ठिवलं, अन् त्यानंच पार कडंला नेऊन टाकलं. पण तो मणी नसता तर मी दिवाळीलाच गेले असते की. मंग कुठल्या दिसाला शिव्या देऊ? डोकं चालत न्हाई.

निघायच्या दिशी आत्यानं नातीला पोटाशी धरलं, दिलं, परत घेतलं. मला बाजूला नेऊन म्हणली, "मी गेले तर माझ्या तोंडात काय घालू नका. तुळस बास." म्या म्हणलं, "असं कावून बोलताव आत्या?" ती म्हणली, "लोकं परत हुडकीत येतेत."

ट्रकात मी कोपऱ्यात बसले, लेक मांडीवर, साहेबाचं कापड दोघीभवती गुंडाळून. तिला दात येतेत. जे हाताला घावंल ते तोंडात. घाट उतरला अन् खाली बघते तर तिनं माझी पोत मुठीत धरली व्हती अन् मणी तोंडात. आत्यानं ववलेला मणी, सासऱ्याच्या तोंडातल्या मण्याच्या जोडीचा. जिभंवर घेऊन ती निवांत चोखीत व्हती, माझ्याकडं बघत.

म्या बोट घातलं अन् हिसकून काढला. नख लागलं तिच्या हिरडीला, रगत आलं, लेकरू किंचाळलं. हे दचकून उठले. दुसऱ्या गावची बाई म्हणली, "अगं चोखू दे की, दात शिवशिवतेत तिचे. सोनंच हाय, ईख हाय का?"   पोत काढता येत न्हाई, म्हणून फडक्यात गुंडाळली, गाठीवर गाठ मारली, चोळीत खवसली, कॅम्पावर खवसायचे तशी. लहान लेकराच्या तोंडात कुणी सोनं घालत न्हाई. माझ्या पयल्याच्या तोंडात तर तुळस बी नव्हती, तिकडं फडात तुळस कुठली. त्येच्या ओठावर माझंच दूध व्हतं.

आता आमी फडावर हावोत. कोपी कालव्याच्या कडंला घावली, शेवटी आलेल्याला हीच जागा. साहेबाचं कापड वर टाकलंय, त्येच्यातनं थेंब येत न्हाई, पण वल खालनं येती. लेकीला परवापासनं खोकला हाय. मोळ्या बांधता बांधता मी पळत येते, तिच्या छातीला कान लावते, परत जाते. आवाज आता स्वच्छ न्हाई. ह्यांला सांगलं, हे म्हणले, साधा हाय, उतरंल. असं म्हणले अन् माझ्याकडं बघितलं न्हाई.

दुपारच्या सुट्टीत तिला उरावर घेऊन पडते. ती डोळे मिटूनच चोळीत हात घालती, फडकं चाचपती, गाठ हुडकती. मी तिची मूठ उघडून घेते. ती परत घालती.